आशाबाईंचा डिस्को : सरळ ठोक्यात त्या श्वास कुठे घेतात?

रेशीमबागवाली

मंडळी, बरेच दिवस हे मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

आशाबाईंचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी ठरलेल्या स्टेशनांवर थांबते. नाट्यपदं, भावगीतं, ओपी नय्यर, पंचम म्हणजे आर. डी. बर्मन, 'उमराव जान'. मधेच कुणी 'नमक हलाल'मधल्या 'जवानी जानेमन'चं नाव काढलं तर लोक हसतात आणि पुढच्या स्टेशनावर जातात. घरातल्या मोठ्या माणसाची जुनी चूक पोटात घालावी, तसं. मला ते फार बोचतं. कारण ती गाणी मी स्टेजवर गायले आहे, आणि ती गाताना माझी काय अवस्था झाली ते मला अजून आठवतं.

आधी एक तारखांची गोष्ट. 'उमराव जान' आला १९८१च्या जानेवारीत. खय्यामसाहेबांनी आशाबाईंना नेहमीच्या पट्टीच्या खाली गायला लावलं आणि त्या गझलांनी त्यांना पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. 'नमक हलाल' आला १९८२च्या उन्हाळ्यात. मधे दीड वर्षही गेलं नाही. एकच गळा, एकच बाई, वय ४८. इकडे लखनौच्या कोठ्यावरची तवायफ, तिकडे आरशाच्या गोळ्याखाली उभी परवीन बाबी. एका घराण्यात एवढं अंतर कापायला दोन पिढ्या लागतात.

आता माझी गोष्ट. १९८२ साली मी १९ वर्षांची. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि महालातल्या एका वाड्यात गुरुजींकडे शास्त्रीय शिकत होते. गणपतीच्या दहा दिवसांत एका वाद्यवृंदात गायची, तेवढेच हातखर्चाला पैसे. नागपूरकरांना सांगायला नको, मारबतीची मिरवणूक झाली की तीन दिवसांत गणपती, आणि त्या वर्षी इतवारीपासून धंतोलीपर्यंत ज्या मंडपात जाल तिथे एकच फर्माईश. 'जवानी जानेमन'.

आमच्या वाद्यवृंदात एक ड्रमसेट, एक बेस गिटार, एक लीड गिटार, एक ऑर्गन आणि आवाज घुमवायला इको मशीन. मी भावगीतं गाणारी मुलगी. मला वाटलं, या गाण्यात आहे काय? तान नाही, मुरकी नाही, सूरही फार वर जात नाही. दोन दिवसांत बसवलं आणि तिसऱ्या दिवशी माईकसमोर उभी राहिले.

पहिल्या मुखड्यातच दम संपला.

ज्यांना गाणं पाठ आहे त्यांनी मनात म्हणून बघा. सुरुवातीला चार छोटे छोटे तुकडे येतात, जिन्याच्या पायऱ्यांसारखे सारख्या उंचीचे. त्यानंतरच्या ओळीही तशाच. आणि मुखड्याच्या शेवटी तीन लहान ओळी एकीपाठोपाठ एक, तिन्हींचा शेवट एकाच शब्दावर. ड्रमवाला खाली धप धप धप धप लावून बसलेला, तो काही थांबत नाही. मी पहिल्या तुकड्यापासून प्रत्येक ठोक्यावर शब्द आपटत गेले आणि त्या तीन ओळींपर्यंत पोचेस्तोवर छातीत हवाच नव्हती. तिसरी ओळ मी गिळली. लोकांना कळलं नाही, ते नाचत होते. बेसवाल्या दादांना कळलं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं फक्त.

दुसऱ्या दिवशी गुरुजींकडे गेले. सांगू की नको, असं झालं होतं. शेवटी सांगितलं. वाटलं होतं ओरडतील. त्यांनी पेटी पुढे ओढली आणि म्हणाले, "म्हण." मी म्हटलं. त्यांनी मांडीवर हाताने ठोका धरला, एकसारखा. मग म्हणाले, "तीनतालात नवव्या मात्रेला काय येतं?" मी म्हटलं, खाली. "खालीला डग्ग्याचा घुमारा थांबतो. गाणाऱ्याला तिथे हवा मिळते, ऐकणाऱ्यालाही. या ठेक्यात खालीच नाही. सगळ्या मात्रा भरीच्या. जो ठेका तुला जागा देत नाही, त्यात जागा तुला करायची असते. ती बाई कशी करते ते ऐकून ये, मग माझ्याकडे ये."

त्या दिवसापासून आजपर्यंत मी हे गाणं किती वेळा ऐकलं असेल, मोजदाद नाही. आणि मला जे ऐकू आलं तेवढंच सांगायला हा धागा.

आशाबाई ठोक्यावर उभ्या राहत नाहीत. शब्दाचं पहिलं अक्षर त्या ठोक्याला टेकवतात आणि उरलेला शब्द सैल सोडतात. त्यामुळे शेवटचं अक्षर पुढच्या ठोक्याच्या आधीच संपतं आणि केसाएवढी फट राहते. तीच त्यांची खाली. ड्रमवाल्याने न दिलेली खाली त्यांनी स्वतःच्या गळ्यात तयार केली आहे. त्या फटीत त्या श्वास घेतात, कधी नुसत्या गप्प राहतात. त्या तीन ओळींचा शेवटचा शब्द एकच, पण तिन्ही वेळा तो सारखा पडत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आवाज मोठा नाही. एवढ्या वाद्यांच्या गर्दीत बाई जवळ उभं राहून बोलल्यासारखी गाते. मी मंडपात ओरडत होते.

हे दीनानाथांच्या घरातलं आहे, असं माझं ठाम मत आहे. वडील गेले तेव्हा आशाबाई ८ वर्षांच्या. पण त्या घरात नाट्यपद म्हणजे शब्द फेकण्याची शाळा होती. अक्षर कुठे टाकायचं, कुठे झटकायचं, कुठे अवचित सोडून द्यायचं, हे कानावर पडतच त्या वाढल्या. ते शिक्षण डिस्कोत कामाला आलं.

बाकी गाणीही ऐका. 'शान' (१९८०) मधलं 'प्यार करनेवाले', पंचमदांचं. खाली सिंथेसायझरचा बेस यंत्रासारखा धडधडतोय आणि वर आशाबाई निवांत. 'लूटमार' (१९८०) मधलं 'जब छाये मेरा जादू', राजेश रोशन. 'रॉकी' (१९८१) मधलं 'आ देखें ज़रा', किशोरदांबरोबर. 'हथकड़ी' (१९८२) मधलं 'डिस्को स्टेशन', बप्पीदा. आणि 'नमक हलाल'चंच 'रात बाकी', ज्याच्याबद्दल लिहायचं तर वेगळा धागा लागेल.

तुम्हाला काय वाटतं? विशेषतः जे गातात, वाजवतात त्यांनी लिहा.

---

मेडिकल_चौक

वाचनखूण साठवली. ताई, तो 'केसाएवढी फट' वाला परिच्छेद वाचून लगेच हेडफोन लावले. ऐकू आली!

---

नाट्यपद

धागाकर्तीची कळकळ पोचली, तरी असहमती नोंदवतो. माझं वय ७४. 'परवशता पाश दैवे' आशाबाईंच्या आवाजात ज्याने ऐकलं आहे, त्याला 'डिस्को स्टेशन' ऐकवत नाही. मुद्दा आशाबाईंच्या कसबाचा नाहीच. त्या दळण दळतानाचं गाणंही सुरेल गातील. मुद्दा असा की ज्या संगीतात गायकाला काही मागितलंच जात नाही, त्यात एवढा मोठा गळा खर्ची पडला. १९८०च्या आसपास हिंदी सिनेमात चाली आटल्या आणि ठोका उरला, असं माझं मत आहे. साहित्यिक शब्द गेले, अंतऱ्यातल्या जागा गेल्या, सगळं कमरेखाली आलं. शिवाय ते आपलं नव्हतंच, अमेरिकेतून उसनं आणलेलं. तिथे त्यांना कंटाळा आला तेव्हा आपण ते डोक्यावर घेतलं.

एक मान्य. 'उमराव जान' आणि 'नमक हलाल' यांच्यातलं अंतर एवढं कमी आहे, याचा विचार मी कधी केला नव्हता.

---

गोळीबार_चौक

नाट्यपद काका, तुमचं म्हणणं ऐकलं, पण आमच्या मोहल्ल्यात जे झालं ते बी सांगतो.

तवा आमच्याकडे रेकॉर्ड प्लेअर कोणाकडे होता जी? मोठ्या लोकांकडे. आमच्या चौकात रेकॉर्डिंगचं दुकान होतं. कोरी कॅसेट न्यायची आन कागदावर गाण्यांची यादी लिहून द्यायची. चार दिवसांनी तो भरून द्यायचा. मी तवा नववीत. साठची कॅसेट घेतली, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. एक बाजू मायच्या भीमगीतांची, ते ठरलेलंच होतं, दुसरी बाजू मले भेटली. मी यादी लिहिली, सगळे आशाबाईचे. दुकानवाल्यानं यादी पाह्यली आन मले म्हणाला, पोरा, शेवटचं गाणं मावणार नाही. मी म्हटलं, मावते तेवढं भरा.

ते शेवटचं गाणं होतं 'रात बाकी'. दुसऱ्या अंतऱ्यात खट्ट करून कॅसेट संपायची. मी ते गाणं पाच-सहा वर्षं तसंच ऐकलं, अर्धं. पुढं काय होते ते मनातच लावून घ्यायचो. मंग पुढं नोकरी लागली, बुटीबोरीला, पहिल्या पगारात टू-इन-वन घेतला आन पूरी कॅसेट इकत घेतली. त्या दिवशी रात्री पहिल्यांदा ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं. घरचे सगळे झोपले होते, आवाज एकदम बारीक ठेवला होता. तवा समजलं, हे गाणं तर बारीक आवाजातच ऐकायचं आहे. बाई हळूच सांगून राह्यली आपल्याले. लाऊडस्पीकरवर ते कधी समजलंच नसतं.

काका म्हणतात गायकाला काही मागितलं नाही. मले संगीत समजत नाही. पण जे गाणं अर्धं ऐकून पोरगं पाच वर्षं वाट पाह्यते, त्यात काहीतरी असंनच ना बाप्पा.

---

स्वरा_रामदासपेठ

गोळीबार_चौक दादा, डोळ्यांत पाणी आलं. हे वेगळा लेख म्हणून लिहा ना.

---

रेशीमबागवाली

@गोळीबार_चौक : दादा, 'बाई हळूच सांगून राह्यली', हे माझ्या अख्ख्या धाग्यापेक्षा नेमकं आहे.

@नाट्यपद : काका, 'परवशता' ऐकत मीही मोठी झाले, त्यामुळे तुमचं दुःख कळतं. 'उसनं' म्हणालात, तर थोडं त्याबद्दल. डिस्को जन्मला न्यूयॉर्कच्या क्लबांमध्ये, आणि तो कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी लोकांनी उभा केला. बाहेर ज्यांना उजेडात वावरता येत नव्हतं, त्यांची ती नाचायची जागा होती. १९७७ साली 'सॅटर्डे नाइट फीवर' आला आणि तो घरोघरी गेला. जुलै १९७९मध्ये शिकागोच्या बेसबॉल मैदानावर लोकांनी डिस्कोच्या रेकॉर्डींचा ढीग रचून तो स्फोटाने उडवला. तिथे संपलं म्हणून जाहीर झालं आणि १९८०च्या 'कुर्बानी'ने ते आपल्याकडे सुरू झालं. हे तुम्ही म्हणता ते खरं आहे.

पण काका, पेटी तरी आपली कुठे होती? ती परदेशातूनच आली. नाटकाच्या ऑर्गनचं तेच. तो ऑर्गन वाजल्याशिवाय तुमचं-माझं नाट्यपद सुरू होत नाही. उसनी वस्तू आपण कोणाच्या हातात देतो, त्यावर पुढचं ठरतं.

आणि गायकाला काही मागितलं नाही, हे मला पटत नाही. मी गायले आहे हो. चालीत काही नसेल तर सगळं गायकालाच आणावं लागतं.

एक आपल्या गावचा दाखला देते. आपले सुरेश भट. धंतोलीत, सीताबर्डीत ज्यांनी त्यांना स्वतःच्या गझला तरन्नुममध्ये म्हणताना ऐकलं आहे, ते भाग्यवान. त्यांची 'तरुण आहे रात्र अजुनी' आशाबाईंनी गायली, चाल हृदयनाथांची. आता ती लावा आणि लगेच पाठोपाठ 'रात बाकी' लावा. दोन्हीत रात्र सरलेली नाही. दोन्हीत एक बाई समोरच्याला थांबवते आहे. भटांच्या गझलेत ती आर्जव करते, तिथे प्रत्येक स्वर लांबवलेला, कारण बाजूचा माणूस ऐकत नाहीये. 'रात बाकी'त समोरचा ऐकतोय हे तिला पक्कं ठाऊक आहे, म्हणून ती ओळ अर्ध्यावर टाकून देते. मी हे दोन्ही एका संध्याकाळी लागोपाठ ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आशाबाईंनी डिस्कोसाठी वेगळा आवाज काढलाच नाही. तीच बाई आहे, परिस्थिती बदलली आहे.

---

ठोका_१२०

नमस्कार, मी लग्नसमारंभात डीजे वाजवतो. मानेवाडा, नंदनवन, हुडकेश्वर, तिकडे वर्धा रोडची लॉन. वय २९. या धाग्यावर सगळे माझ्यापेक्षा मोठे दिसतात, चूकभूल माफ करा. पण एक गोष्ट माझ्या कामातली आहे, ती सांगतो.

डिस्को साधारण मिनिटाला ११० ते १३० ठोक्यांमध्ये बसतो. आम्हाला एक गाणं दुसऱ्यावर चढवायचं असेल तर दोघांचा वेग जुळवावा लागतो. आजची गाणी सोपी आहेत. ती कॉम्प्युटरवर बनतात, पहिल्या सेकंदाला जो वेग तोच शेवटच्या. सॉफ्टवेअर आकडा सांगतं, बटण दाबलं की झालं.

आशाजींची ती गाणी तशी बसत नाहीत. तिथे जिवंत माणसं वाजवत होती. मुखड्याला एक वेग, इंटरल्यूडला सगळे उत्साहात थोडे पुढे सरकतात, अंतऱ्याला पुन्हा मागे येतात. फरक एवढा बारीक की नाचणाऱ्याला कळणार नाही, पण दुसरं गाणं वर चढवलेलं असेल तर आठ-दहा सेकंदांत दोन्ही ठोके एकमेकांवर चढतात आणि घोडा अडखळल्यासारखा आवाज होतो. म्हणून या गाण्यांना मी पिच फेडरवरून, म्हणजे वेग कमी-जास्त करायच्या पट्टीवरून, बोट काढत नाही. कानाने ऐकायचं आणि केसभर वर, केसभर खाली करत राहायचं.

आता ताईंनी लिहिलेलं वाचल्यावर मी काल रात्री एक गोष्ट करून पाहिली. 'जवानी जानेमन' सॉफ्टवेअरमध्ये टाकलं आणि ध्वनीच्या लहरी मोठ्या करून बघितल्या. आवाज आणि वाद्यं वेगळी करायची सोय आता आहे, पूर्ण स्वच्छ होत नाही पण कामापुरतं होतं. ठोक्याच्या रेषा आखल्या आणि आशाजींचे शब्द कुठे पडतात ते बघत बसलो. ताई, पहिलं अक्षर ठोक्यावर टेकतं म्हणालात ना, बऱ्याच ठिकाणी ते ठोक्याच्या किंचित मागे आहे. अगदी किंचित. आणि ओळीच्या शेवटी तुम्ही म्हणता तशी मोकळी जागा स्पष्ट दिसते, लहर एकदम सपाट होते.

मला वाटायचं, नाचायला लावतो तो ठोका. पण ठोका तर सगळ्या गाण्यांत आहे. लग्नात रात्री अकराच्या सुमारास, जेवणं झाल्यावर, हे गाणं लावलं की खुर्च्यांवर बसलेल्या काकू-मावश्या उठतात. पोरं उठतातच, काकू उठणं अवघड असतं. आणि त्या उड्या मारत नाहीत. त्या थोड्या मागे राहून डोलतात. आशाजी गातात तशा.

---

मेडिकल_चौक

+१००. काकूंचं निरीक्षण जबरदस्त.

---

जुनी_तबकडी

डिस्कोचाच विषय आहे तर उषा उथुप यांना विसरून कसं चालेल? 'हरि ओम हरि' ('प्यारा दुश्मन', १९८०) आणि 'रम्बा हो' ('अरमान', १९८१) ऐका. तो खर्जातला, रुंद, क्लबमध्ये रोज रात्री गाऊन कमावलेला आवाज म्हणजे डिस्कोसाठी घडवलेला आवाज. आणि नाझिया हसन. 'कुर्बानी'तलं 'आप जैसा कोई' गायली तेव्हा ती शाळकरी पोर, संगीतकार बिद्दूंनी लंडनमध्ये ध्वनिमुद्रण केलं, आणि त्या गाण्यासाठी तिला फिल्मफेअर मिळालं. त्या अर्थाने डिस्कोचा दरवाजा आपल्याकडे या दोघींनी उघडला. आशाबाई मागून आल्या. त्या ग्रेटच, पण पाहुण्या होत्या.

---

रेशीमबागवाली

@जुनी_तबकडी : उषाताईंचा आवाज मलाही अतिशय प्रिय आहे आणि नाझियाचा तो कोवळा, जवळजवळ भावनाशून्य सूर म्हणजे वेगळीच जादू. त्या दोघींना कमी लेखायचा प्रश्नच नाही.

पण 'पाहुण्या' शब्द नको. उषाताई डिस्को गाताना आपण उषाताईंना ऐकतो. नाझिया गाते तेव्हा नाझियाला. आशाबाई गातात तेव्हा पडद्यावरची ती विशिष्ट बाई ऐकू येते. 'शान'मध्ये आणि 'नमक हलाल'मध्ये दोन्हीकडे परवीन बाबीच आहे, तरी दोन गाण्यांतल्या बाया वेगळ्या आहेत. पहिली स्वतःच्या मस्तीत, दुसरी कुणालातरी अडकवायला आलेली. हे पार्श्वगायनाचं काम आहे आणि डिस्कोत ते करणं मला फार अवघड वाटतं, कारण चेहरा दाखवायला चालीत अवकाशच कमी.

@ठोका_१२० : बाळा, तू जे केलंस ते माझ्या गुरुजींना दाखवायला हवं होतं. आता ते नाहीत. किंचित मागे, हे तुझं बरोबर आहे. मी इतकी वर्षं ऐकून 'टेकवतात' म्हणत होते, आणि आज पुन्हा ऐकलं तर खरंच टेकत नाही, येऊन विसावतं. चूक दुरुस्त केल्याबद्दल मनापासून आभार.

---

स्वरा_रामदासपेठ

एक शंका. डॉनमधलं 'ये मेरा दिल' (१९७८) डिस्कोत धरायचं का? कल्याणजी-आनंदजींचं. ब्लॅक आइड पीज या अमेरिकन बँडने २००५मध्ये त्यातलाच तुकडा घेतला होता.

---

बेस_गिटार

स्वरा, माझ्या मते नाही, तो कॅबरे. वाजवणाऱ्याच्या बाजूने फरक सांगतो. कॅबरेत वाद्यं बाईकडे बघत असतात. ती थांबली की आम्ही थांबायचं, तिने मान वळवली की झांज, तिने पुढे पाऊल टाकलं की ड्रम. हेलनसाठी आशाबाई गात होत्या तेव्हा लय त्यांच्या मुठीत होती. डिस्कोत उलटं. लय कोणासाठीच थांबत नाही. बेसने एक स्वर खाली, तोच वरच्या सप्तकात, खाली, वर, असं गाणं संपेपर्यंत चालू ठेवायचं. बोटं सोलून निघतात. ज्या गायिकेला पंधरा वर्षं लय आपल्यासाठी थांबायची सवय होती, तिला एकदम न थांबणाऱ्या गाडीत चढायचं होतं. त्या चढल्या आणि खिडकीशी बसून बाहेर बघत गायल्या. मी असंच म्हणेन.

त्या 'ये मेरा दिल'साठी त्यांना फिल्मफेअर मिळालं आणि त्यानंतर त्यांनी आपलं नाव नामांकनासाठी घेऊ नये असं कळवलं. म्हणजे डिस्कोची सगळी गाणी आली ती त्यानंतर. ती गाताना पुरस्काराची आस हे कारण नव्हतंच.

अवांतर : मीही त्या काळात नागपुरातल्या गणपतींत वाजवलं आहे. धागाकर्ती ताई, तुमच्या वाद्यवृंदातले बेसवाले दादा उंच, चष्म्याचे होते का?

---

रेशीमबागवाली

नाही हो दादा, बुटके होते, आणि ते आता या जगात नाहीत. पण तुम्ही 'न थांबणारी गाडी' म्हणालात तेव्हा मला तेच बोलताहेत असं वाटलं.

त्यांच्याबद्दल एक राहिलं होतं. गुरुजींनी सांगितल्यावर मी दोन दिवस नुसतं ऐकलं. आठव्या दिवशी पुन्हा तीच फर्माईश आली, सक्करदऱ्याच्या मंडपात. मी माईकपासून थोडी मागे सरकले आणि आवाज निम्मा केला. इकोवाल्याला इको कमी करायला लावला, कारण इको असला की ती फट भरून जाते, मोकळी जागा राहतच नाही. पहिला तुकडा म्हटला आणि शेवटचं अक्षर सोडून दिलं. बेसवाल्या दादांनी मान वर केली. त्या तीन ओळी आल्या तेव्हा माझ्याकडे श्वास शिल्लक होता. थोडासाच, पण होता.

त्याच वर्षी हिवाळ्यात एका महाविद्यालयीन स्पर्धेत मी हे गाणं म्हटलं. परीक्षकांनी गुणपत्रिकेवर 'निवड अयोग्य' एवढे दोनच शब्द लिहिले होते. सूर, ताल, शब्द यांचे रकाने कोरेच सोडले होते. त्यांनी ऐकलंच नाही, हे मला आजही लागतं. वाईट गायले असते तर तसं लिहायला हवं होतं.

---

ठोका_१२०

ताई, तुम्ही इकोचं जे सांगितलं ते मी आता पाळणार. आम्ही सगळे आवाज भारी वाटावा म्हणून रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, चढवतो. पुढच्या शनिवारी उमरेड रोडला लग्न आहे. या गाण्याला रिव्हर्ब बंद ठेवून बघतो, मग सांगतो.

---

नाट्यपद

तीन दिवस या धाग्यावर आलो नव्हतो. नातवाकडून हेडफोन मागून घेतले आणि 'जवानी जानेमन' तीनदा ऐकलं. 'तरुण आहे रात्र अजुनी' आणि 'रात बाकी' लागोपाठ ऐकलं, ताईंनी सांगितलं तसं.

चाल मला अजूनही आवडलेली नाही. शब्दांबद्दलही मत तेच आहे. पण मुखड्याच्या शेवटच्या त्या तीन ओळींत तिसऱ्या वेळी त्या शब्द ज्या रीतीने सोडतात, ती सोड मी ओळखतो. दीनानाथरावांच्या तबकड्यांत ती आहे. माझ्या वडिलांकडे त्या तबकड्या होत्या, झाशी राणी चौकातल्या आमच्या जुन्या घरात. लहानपणी सुई ठेवायची परवानगी फक्त मला होती.

रेशीमबागवाली, त्या परीक्षकांनी ऐकायला हवं होतं.

---

ठोका_१२०

ताई, शनिवारचं सांगायचं राहिलं. रिव्हर्ब बंद केला, आवाजही थोडा खाली आणला. पोरं ओरडली, डीजेभाऊ आवाज वाढवा. मी वाढवला नाही. पहिल्या अंतऱ्यापर्यंत सगळे जवळ जवळ आले होते, स्पीकरच्या दिशेने. नवरीची आजी खुर्चीवर बसूनच पूर्ण गाणं म्हणत होती. त्या तीन ओळींच्या आधी तिने थांबून श्वास घेतला, मी बघितलं.